परभणीत सर्व्हिसचा धंदा आणि पेट्रोलचा हिशोब

पेट्रोल महागलं की टीव्हीवाल्यांना परभणी आठवते. जगात जर्मनी भारतात परभणी हे बाकी कशात खरं असो नसो, पेट्रोलच्या भावात आपण राज्यात कायम वरच्या नंबरात, २०१८ ला नव्वदी ओलांडली तेव्हा बातमी परभणीची आणि २०२१ ला शंभरीची चर्चा सुरू झाली तेव्हा पण कॅमेरे परभणीच्याच पंपावर. पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, कामून एवढं महाग, तुमच्याकडं वेगळं पेट्रोल येतं का? वेगळं काही नाही हो. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो, अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, ते भाडं भावात बसतं आणि राज्याचा व्हॅट टक्क्यात असल्यामुळं त्या भाड्यावर पण टॅक्स बसतो. झालं, पहिला नंबर पक्का.

माझं काम आरओ फिल्टर आणि वॉटर कूलरच्या सर्व्हिसचं, उन्हाळ्यात थोडं एसीचं पण. दुकान परभणीत, पण गिऱ्हाईक जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा असं सगळ्या जिल्ह्यात पसरलेलं. मराठवाड्यात बोअरचं पाणी कसं हाय ते सांगायची गरज नाही, टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवलं की आकडा बघून घरचे लोक घाबरतात, त्यामुळं मशीन आता खेड्यातल्या घरात पण हाय, शाळेत हाय, दवाखान्यात हाय, आणि मशीन जिथं जिथं जाते तिथं तिथं मागं आमच्या गाडीला जावं लागतं. या धंद्यात पार्टपेक्षा चाक जास्त झिजतं. बरेच जण विचारतात की बाबा पेट्रोलचं तुम्ही कसं बसवता, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून टाकावं. फिल्टरच नाही, केबल, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, मोटार, शिलाई मशीन, ज्याला ज्याला गिऱ्हाईकाच्या दारात जावं लागतं त्या सगळ्यांना हे लागू हाय.

पहिली गोष्ट भावाची, आणि ती लवकर संपवतो. भाव आपल्या हातात नाही. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला ठरतो, त्याच्या आधी पंधरा दिवसाला बदलायचा तेव्हा भाव वाढायच्या आदल्या रात्री पंपावर लाईन लागायची, दोन रुपये वाचवायला लोक तास तास उभे राहायचे. आता तेही नाही. मे २०२२ ला केंद्रानं आठ रुपये एक्साईज कमी केली, जुलैत राज्यानं व्हॅट पाच रुपये कमी केला, मार्च २०२४ ला लोकसभेच्या तोंडावर दोन रुपये कमी झाले, आनंद हाय, पण असल्या कपातीवर धंद्याचा हिशोब बांधता येत नाही. आणि जीएसटीवाल्यांनी अजून एक लक्षात घ्या, मेंब्रेन (आरओतला पाणी शुद्ध करणारा मुख्य पार्ट) घेतलं, मशीनमधला पंप घेतला, त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, पेट्रोल मात्र २०१७ पासून आजपर्यंत जीएसटीच्या बाहेर, त्यामुळं त्यावर भरलेला टॅक्स गेला तो गेला. पावत्या ठेवा पण परताव्याच्या आशेनं ठेवू नका.

पंपावरच्या गोष्टी पण पटकन. शंभरच्या ऐवजी एकशेदहाचं भरलं की जास्त येतं, पहाटे थंडीत भरलं की जास्त येतं, ह्या दोन्ही गोष्टी पोरं शपथेवर सांगतात. पंपाची टाकी जमिनीत गाडलेली असते, आत सकाळ दुपार फार फरक पडत नाही, आणि मशीनला एकशेदहा काय आणि शंभर काय. शंका असली तर सरळ पाच लिटरचं माप मागायचं, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. मागणारा माणूस मात्र मी क्वचित बघितला, मागं लाईनीत हॉर्न वाजायला लागले की सगळे शून्य न बघताच पुढं सरकतात.

आता खरं काम. गाडी एक किलोमीटर पळाली की किती रुपये जातात हे कुणालाच माहीत नसतं. विचारलं की लोक म्हणतात दोन रुपये. हे नुसतं पेट्रोल झालं. हिशोबाला सोपं म्हणून पेट्रोल १०६ धरा. शंभर सीसीची गाडी, कंपनी काहीही सांगो, मागं बॅग, हुकाला पार्टची पिशवी, गावात दर दोनशे फुटावर ब्रेक, खेड्यातला रस्ता, तर ५० च्या वर अ‍ॅव्हरेज धरू नका. म्हणजे किलोमीटरला २ रुपये १२ पैसे. ऑईल तीन हजार किलोमीटरला बदललं आणि साडेचारशे गेले तर पंधरा पैसे. टायरची जोडी, चेन स्पॉकेट, ब्रेक शू, केबल, पंक्चर असं धरून अजून पंचवीस पैसे. इन्शुरन्स, पीयूसी दहा पैसे. आणि सगळ्यात मोठं जे कुणी धरत नाही ते गाडीचं स्वतःचं मरण. नव्वद हजाराची गाडी, लाखभर किलोमीटर फिरवली की तीस-पस्तीस हजाराला जाते, मधले पंचावन्न-साठ हजार रस्त्यावरच सांडलेले असतात, म्हणजे किलोमीटरला पंचावन्न ते साठ पैसे. सगळं मिळून सव्वातीन रुपये होतात. तुमची गाडी वेगळी असंल, आकडे वेगळे निघतील, पण कागदावर एकदा काढाच.

हा सव्वातीनचा आकडा हातात आला की बरंच काही दिसायला लागतं. परभणी ते जिंतूर जाऊन येऊन पंच्याऐंशी किलोमीटर धरा, २७५ रुपये. त्यात जाण्यायेण्याचे अडीच तास. कामावरच्या पोराला पंधरा हजार पगार असला, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे नऊ तास, तर तासाला चौसष्ट रुपये पडतात, अडीच तासाचे १६०. म्हणजे मशीनला हात लावायच्या आधीच ४३५ रुपये गेले. आणि आपण व्हिजिट चार्ज सांगतो तीनशे! का, तर गावात पण तीनशेच घेतो म्हणून. हे असं कित्येक जण करायलेत आणि महिन्याच्या शेवटी म्हणतात की काम तर लई हाय पण पैसा दिसेना.

पोरांच्या पेट्रोलचा विषय यालाच जोडून येतो. आपल्याकडं रीत अशी की सकाळी पोराच्या हातात दीडशे-दोनशे रुपये ठेवायचे आणि म्हणायचं जा. यात एक तर ज्याच्या वाट्याला गावातली कामं आली त्याचं उरतं आणि ज्याला पाथरी आली त्याचं खिशातून जातं, मग पाथरीला जायला कुणी तयार होत नाही, कुणाचं पोट दुखतं, कुणाच्या मामाकडं कार्यक्रम निघतो. दुसरं म्हणजे गाडी पोराची असती. नुसतं पेट्रोल देणारा मालक पोराची गाडी फुकट वापरतो, टायर त्याचे झिजतात, इंजिन त्याचं जातं, हप्ता त्याचा बाप भरतो. मी किलोमीटरवर देतो, पूर्ण सव्वातीन, आणि पेट्रोल दोन-तीन रुपयांनी इकडं तिकडं झालं की दर बदलतो. सकाळी निघताना मीटरचा फोटो ग्रुपवर, संध्याकाळी परत फोटो. याला सुरुवातीला पोरांनी तोंडं वाकडी केली, एक जण तर म्हणाला की भैय्या भरोसा नाही का आमच्यावर. मी सांगितलं की माझ्या गाडीचा पण फोटो येईल, आणि येतो. मीटर बंद असलेल्या गाडीला पैसे नाहीत एवढी एक अट, त्या आठवड्यात दोन गाड्यांची मीटरची केबल बदलून झाली.

एथेनॉलबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे कारण सध्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. वीस टक्के एथेनॉलचं पेट्रोल आलं आणि अ‍ॅव्हरेज पडलं अशी सगळ्यांची तक्रार. मजा अशी की तक्रार करणाऱ्यातल्या निम्म्या लोकांचा ऊस कारखान्याला जातो आणि त्याच उसाचं एथेनॉल होऊन त्यांच्याच गाडीच्या टाकीत येतं. अ‍ॅव्हरेज पडतं हे खरं हाय, एथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा कमी, नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात पण जुन्या दुचाकीला तीन ते चार टक्के फटका बसेल असं लिहिलेलं हाय. पण चार टक्के म्हणजे किती ते बघा. २ रुपये १२ पैशाचे चार टक्के, साडेआठ पैसे. जिंतूरची एक फुकट फेरी २७५ रुपयाची. म्हणजे एथेनॉलनं आपलं जेवढं खाल्लं तेवढं व्हायला गाडी सव्वातीन हजार किलोमीटर पळावी लागेल, आणि आपण तेवढं एका दुपारी घालवून येतो, ते पण कामून, तर चोवीस व्होल्टचा अडॅप्टर बॅगेत नव्हता म्हणून.

खरी गळती इथं हाय. दुसरी फेरी. पोरगं गेलं, मशीन उघडली, बघितलं की पंप गेलाय, पंप दुकानात, परत आलं, दुसऱ्या दिवशी परत गेलं. गिऱ्हाईकाकडून पैसे एकाच फेरीचे. दुप्पट पेट्रोल, दुप्पट वेळ, आणि गिऱ्हाईक वरून म्हणणार की तुमच्या माणसाला काही येत नाही. दुसरी फेरी टाळायची म्हणजे दोन जागी काम करावं लागतं, एक फोनवर आणि एक बॅगेत.

फोनचं आधी सांगतो. कंप्लेंट घेणारा माणूस जर नुसता नाव, गाव, नंबर लिहून घेत असला तर ती कंप्लेंट घेतलीच नाही समजा. आमच्याकडं फोन आला की असं चालतं.

"दादा, फिल्टर बंद पडला, सकाळपासून थेंब नाही."

"ताई, मशीनवरचा लाईट लागलाय का?"

"नाही हो."

"बोर्डाचं बटन? आणि वरच्या टाकीत पाणी हाय का?"

"थांबा, ह्यांना विचारते... अहो, टाकीत बघा बरं... टाकी रिकामी हाय म्हणायलेत."

आता बघा, आपल्याकडं नळ किती दिवसाला येतो हे परभणीकरांना सांगायला नको, टाकी कधी संपली हे घरात कुणालाच कळत नाही. मशीनमध्ये लो प्रेशर स्विच असतो, पाणी आलं नाही की तो पंपाचा करंट तोडतो म्हणजे पंप कोरडा चालून जळू नये, मशीन शहाण्यासारखी बंद बसते आणि लोकांना वाटतं बिघडली. असल्या कंप्लेंटला माणूस पाठवला तर टाकी बघून माघारी येतो, आणि टाकी बघायचे तीनशे मागितले तर भांडण होतं. फोनवर चार प्रश्न विचारले तर गिऱ्हाईक खूश, आपलं पेट्रोल वाचलं, आणि ती ताई दहा जणीला सांगते की त्यांनी फुकट सांगितलं बाई, पैसे घेतले नाहीत.

पाणी असलं तर पुढचे प्रश्न. पंपाचा आवाज येतो का? आवाज येतो आणि वेस्टच्या पाईपमधून पाणी जोरात पडतंय पण शुद्ध पाणी येत नाही, मेंब्रेन बघायला लागणार. आवाज येतो पण दोन्हीकडून पाणी नाही, सोलेनॉइड (करंटवर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) नाहीतर पुढचा फिल्टर चोक. आवाजच नाही आणि लाईट पण नाही, अडॅप्टर. मशीन थांबतच नाही, टाकी भरून वाहायली, फ्लोट. शंभर टक्के बरोबर येत नाही पण कोणता पार्ट घेऊन निघायचं हे कळतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मशीनच्या आतला फोटो मागवायचा, झाकण कसं काढायचं ते व्हिडिओ कॉलवर सांगायचं, घरात बारावीतलं पोरगं असलं की दोन मिनिटात करतं. फोटो कामून, तर काही कंपन्यांच्या मशीनला त्यांचेच कार्ट्रिज बसतात, साधा इनलाईन फिल्टर घेऊन गेलात तर हात हलवत परत. मोठ्या माणसांना, म्हाताऱ्या काका-काकूंना फोटो जमत नाही, त्यांना शेजारच्या कुणाला तरी फोन द्यायला सांगायचं, एवढा वेळ फोनवर गेला तरी चालतो, फोन फुकट हाय.

बॅगेचं तसंच. बॅग ही पोराच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही. आमच्या बॅगेत काय असलंच पाहिजे ते दुकानाच्या भिंतीवर लिहिलंय: एक मेंब्रेन, एक पंप, एक अडॅप्टर, सोलेनॉइड, लो प्रेशर स्विच, फ्लोट, दोन तीन एफआर (वेस्टचं पाणी अडवून धरणारा पार्ट), स्पन आणि कार्बन फिल्टर, पाव इंची एल्बो आणि कनेक्टर मूठभर, पाईप, टेफ्लॉन टेप, मीटर. म्हणाल एवढं भांडवल प्रत्येक बॅगेत अडकवायचं? अडकवायचं. चार-पाच हजाराचा माल बॅगेत फिरतो, त्याला काही होत नाही, पण तो नसला की काय होतं ते वर लिहिलंय. संध्याकाळी वापरलेला पार्ट लिहायचा आणि बॅग तिथंच भरायची, सकाळी नाही. सकाळी गडबडीत सगळ्यात आधी एल्बो विसरतात, दहा रुपयाची वस्तू, आणि गंगाखेडच्या दुकानात बरोबर तेवढीच मिळत नाही.

तरी कधी पार्ट कमी पडतोच. त्याला गाडी पाठवू नका. जिंतूरला, पाथरीला काळीपिवळी जाते, ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातात पुडकं द्यायचं, वर नाव नंबर, पन्नासच्या आत काम होतं आणि आपला माणूस तिथंच थांबून दुसरं काम उरकतो. मोठं काही असलं, कूलरचा कॉम्प्रेसर वगैरे, तर एसटीचं पार्सल. सेलूला मी एका इलेक्ट्रिकच्या दुकानदाराकडं छोटा डबा भरून ठेवलाय, त्यातलं काही लागलं की तो विकल्यासारखं लिहून ठेवतो, महिन्याला हिशोब, त्याचं कमिशन त्याला. दुकानदार निवडताना एकच बघायचं, दुपारी दुकान बंद करून झोपायला जातो का. हसू नका, मे महिन्यात आपल्याकडं एक ते चार अख्खी बाजारपेठ झोपलेली असते.

आता फेऱ्या बांधायचं. हे सगळ्यात जास्त पैसे वाचवणारं आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारं काम. तालुक्याला वार ठरवून टाका. आमचं मंगळवारी जिंतूर, गुरुवारी मानवत-पाथरी कारण एकच रस्ता हाय, शनिवारी गंगाखेड. सोमवारी जिंतूरहून कंप्लेंट आली तर उद्या, बुधवारी आली तर पुढच्या मंगळवारी. लोक चिडतात. आठ दिवस पाणी काय गटारीचं प्यायचं का म्हणतात. त्यांना सांगायचं की साहेब, मंगळवारी आलो तर तीनशे, आजच पाहिजे तर साडेपाचशे, तुम्ही सांगाल तसं. बरेचसे मंगळवार म्हणतात आणि तोपर्यंत जार आणतात. दवाखाना, हॉटेल, मेसवाले लगेच या म्हणतात आणि बिनबोभाट पैसे देतात कारण त्यांचा धंदा अडतो. दोन्ही बरोबर हाय. गिऱ्हाईकाला निवड दिली की भांडण होत नाही, भांडण होतं ते काम झाल्यावर आकडा सांगितला की. म्हणून आमच्याकडं नियम, गाडी निघायच्या आधी फोनवर आकडा सांगायचा आणि तोच मेसेज टाकायचा. घरी जाऊन आकडा फोडणारा माणूस एक तर भांडतो नाहीतर लाजून सोडून येतो, आमच्या पोरांतली दोन जण ह्या दुसऱ्या प्रकारातली हायेत, कुणी पोहे दिले की व्हिजिट चार्ज विसरून येतात.

वार ठरवला की अजून एक फायदा होतो तो आधी लक्षात येत नाही. सोमवारी संध्याकाळी जिंतूर रोडच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाईकांना मेसेज जातो, झरी, बोरी, मधली गावं, की उद्या आमचा माणूस तुमच्या गावावरून चाललाय, फिल्टर बदलायचे असले तर सांगा. रस्ता तोच, पेट्रोल तेच, त्यात दोन फिल्टर बदलले की फेरीचा खर्च वाटून जातो. जिंतूरला एक काम केलं तर ४३५ एका कामावर, तेच पाच कामं बांधली तर थोडं आत बाहेर फिरून शंभरच्या आसपास येतं. मी पोरांना आता किती कामं केली ते विचारतच नाही, विचारतो ते गाडी पळाली किती आणि कामं झाली किती, भागाकार सांगा. ज्याचा भागाकार चांगला त्याला दिवाळीत जास्त.

रेल्वेचं पण बघा राव, परभणी जंक्शन हाय आणि आपण त्याचा उपयोग करत नाही. सेलू मनमाडच्या लाईनवर, गंगाखेड परळीच्या लाईनवर, पूर्णा नांदेडच्या लाईनवर. पॅसेंजरचं तिकीट चहाभज्यापेक्षा स्वस्त. सकाळी बॅग घेऊन पोरगं बसलं, सेलूत उतरलं, तिथं डबा ठेवलेल्या दुकानदाराची जुनी स्कूटी हाय, तिच्यात पेट्रोल आपण टाकतो, दिवसभर गावात कामं करून संध्याकाळच्या गाडीनं परत. गाडी झिजली नाही, उन्हात पन्नास किलोमीटर डोकं तापलं नाही. मानवतला मात्र हे जमत नाही, मानवत रोड स्टेशन गावापासून लांब, उतरून परत रिक्षा शोधायची म्हणजे तिथं दुचाकीच बरी. आणि रेल्वे लेट असती हे धरूनच चालायचं, क्रॉसिंगला एकदा थांबली की थांबली, म्हणून ज्या दिवशी सेलू त्या दिवशी संध्याकाळचं गावातलं काम त्या पोराला द्यायचं नाही.

ओळखीच्या लोकांचं सांगायचं राहिलं. पाहुणे, भावकी, जुने वर्गमित्र. "काय भैय्या, आमच्याकडून पण जाण्यायेण्याचे घेता का?" याला उत्तर लई अवघड. माझं असं, पार्टवर सूट देतो, मजुरी सोडतो, पण फेरीचे घेतो, कारण मजुरी माझी हाय आणि ती मी सोडू शकतो, पेट्रोल माझं नाही. एका मामांनी यावरून सहा महिने बोलणं सोडलं होतं. मग त्यांच्या मशीनचा पंप गेला, दुसऱ्या कुणाला बोलावलं, त्यानं काय घेतलं ते त्यांनी सांगितलं नाही पण पुढच्या वेळी फोन मलाच आला.

एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, करणाऱ्यांनी तर अंतर धरल्याशिवाय कागदावर सही घेऊच नये. वर्षाच्या एएमसीत तीन ठरलेल्या व्हिजिट आणि मधल्या कंप्लेंट फुकट असं आपण लिहून देतो, रेट मात्र परभणीच्या वसमत रोडवरच्या घराला आणि जिंतूरच्या पुढच्या खेड्याला एकच. खेड्याच्या एएमसीत ठरलेल्या व्हिजिट आमच्या वाराला जोडलेल्या असतात, आणि मधल्या दोनच कंप्लेंट फुकट, तिसरीला फेरीचे पैसे. लोकांना पटतं. एका सरांनी तर उलट विचारलं की मग परभणीवाल्यांना स्वस्त कामून, मी म्हटलं सर तुमच्या गावात दहा घरं जोडून द्या, तुम्हाला पण परभणीचा रेट. त्यांनी सात जोडून दिली. मी दहाचाच रेट लावला, सरांचा वट्ट हाय गावात.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. गावातल्या गावात फिरणाऱ्या पोराला परवडते. तीन युनिटची बॅटरी खऱ्या वापरात ऐंशी किलोमीटरच्या आसपास चालली आणि युनिटला दहा रुपये धरले तरी किलोमीटरला चाळीस पैशाच्या आत. दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर फिरणाऱ्या पोरामागं महिन्याला दोन हजाराच्या आसपास पेट्रोल वाचतं, हप्ता पूर्ण नाही निघत पण बराचसा निघतो. तालुक्याला मात्र पाठवू नका. जाऊन येऊन पंच्याऐंशी, वर गावात फिरणं, आणि बोरीच्या पुढं पाच टक्के चार्जिंग दाखवायला लागलं की पोरगं तुम्हालाच फोन लावतं. आणि चार्जिंग घरी करा, दुकानाच्या कमर्शियल मीटरवर युनिटचा भाव वेगळा असतो.

टॅक्सचं एक वाक्य. तुमचा सीए जर प्रिझम्पटिव्हमध्ये रिटर्न भरत असला, म्हणजे उलाढालीच्या ठराविक टक्के नफा धरून, तर पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा त्याला नेऊन देऊन उपयोग नाही, त्यात सगळा खर्च धरलेलाच असतो, वेगळा वजा होत नाही. तरी हिशोब ठेवायचा तो आपल्यासाठी, सरकारसाठी नाही.

एवढं सगळं करून पालमचं गणित मात्र मला अजून बसेना. रेल्वे नाही, गिऱ्हाईक थोडं आणि ते पण विखुरलेलं, वार ठरवला तर त्या दिवशी एकच काम निघतं आणि नाही ठरवला तर लोक तुटतात. सध्या गंगाखेडच्या शनिवारला महिन्यातून एकदा पालम जोडतोय. तिथल्याच एका आयटीआय झालेल्या पोराला बॅग भरून द्यावी आणि कामामागं पैसे द्यावेत असं डोक्यात हाय, पोरगं हुशार हाय, वायरिंगची कामं करतं, फक्त ते दिवाळीनंतर पुण्याला कंपनीत जायचं म्हणायलंय. त्याच्या वडलांशी बोलणं चालू हाय.